साठ जर्नलं, एकच रीडिंग

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गेली २२ वर्षं ट्रेनिंगचं काम बघतोय. नोकरी सांभाळून शिकणारी पुष्कळ मुलं या काळात पाहिली. त्यांतल्या एकाचं प्रकरण इथे सुरुवातीपासून लिहून काढतोय, कारण नोकरी न सोडता डिग्री कशी करायची, हाच प्रश्न घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्या टेबलाशी येतं आणि दर वेळी मला याचीच आठवण होते. त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घालत नाही. ज्या अभ्यास केंद्रात त्याने पैसे भरले त्याचंही नाव घालत नाही. या प्रकरणात माझा सल्लाही चुकला होता. तो कसा चुकला हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मुलगा आणि त्याची ग्रेड

मुलगा जुन्नर तालुक्यातला, नारायणगावच्या जवळचा. घरी अडीच एकर बागायत, टोमॅटो आणि कांदा. २०१२ साली मेकॅनिकलचा डिप्लोमा ६८ टक्क्यांनी पास झाला. एवढ्या मार्कांवर डायरेक्ट सेकंड इयरला कुठेतरी नंबर लागला असता, पण त्याच वर्षी थोरल्या बहिणीचं लग्न होतं आणि टोमॅटोला भाव नव्हता. वडील म्हणाले, दोन वर्षं नोकरी कर, मग बघू. आमच्याकडे ट्रेनी म्हणून येणाऱ्या कितीतरी मुलांच्या मागे घरचं हे 'मग बघू' असतं.

ट्रेनी म्हणून तो फायनल इन्स्पेक्शनला लागला आणि २०१५ ला परमनंट झाला. हात मापात बसलेला. बोअर गेज, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन, लावताना नवखी मुलं ते दाबतात. हा गेज बोअरमध्ये सोडून हलकेच झुलवायचा आणि काटा जिथून परत फिरतो ते माप वाचायचा. हे शिकवून येतं, पण सगळ्यांना येत नाही. कस्टमर ऑडिटच्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याला त्या टेबलावर उभा करायचो.

आमच्याकडे डिप्लोमावाला सीनियर इन्स्पेक्टरपर्यंत जातो. त्यापुढची इंजिनिअरची ग्रेड डिग्रीवाल्याची. २०१६ च्या सुरुवातीला एक बी.ई. झालेला मुलगा आला. बोअर गेज कसा धरायचा ते त्याला यानेच दाखवलं. आठ महिन्यांनी तोच याचा रिपोर्टिंग इंजिनिअर होणार हे नोटीस बोर्डावर लागायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. त्या दुपारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, हा माझ्याकडे आला. बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "सर, नोकरी न सोडता डिग्री करता येईल का?"

माझा सल्ला

मी स्वतः डिप्लोमानंतर एएमआयई केलेला माणूस. ती परीक्षा घेणारी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था, १९३५ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाला, मुख्यालय कोलकात्याला, आपल्याकडचं केंद्र शिवाजीनगरला. सेक्शन ए आणि सेक्शन बी अशा दोन टप्प्यांची तिची परीक्षा वर्षातून दोनदा असते, उन्हाळी आणि हिवाळी. रोजचे वर्ग नाहीत, हजेरी नाही. मी १९९१ ला नाव घातलं. थर्ड शिफ्ट संपवून यायचं, आंघोळ करून दोन तास झोपायचं आणि मग पुस्तक उघडायचं, असं करत १९९७ च्या हिवाळी परीक्षेत शेवटचा पेपर सुटला. केंद्र सरकारने ती परीक्षा बी.ई.च्या बरोबरीची मानलेली होती, म्हणून तिच्या जोरावर मला पुढच्या नोकऱ्या मिळाल्या.

तेव्हा मी त्याला सांगितलं ते माझ्या अनुभवातून: "कॉलेजात बसूनच इंजिनिअर होता येतं असं नाही. बाहेरूनही होता येतं. मी झालोय."

मला ठाऊक नव्हतं ते हे. एएमआयईची बी.ई.शी बरोबरी ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली गेली होती. त्यानंतर नाव घातलेल्याला परीक्षा देता येते, पण सरकारी नोकरीसाठी ती डिग्री धरली जात नाही. मुलगा हुशार, त्याने चौकशी केली आणि चार दिवसांत हे मलाच येऊन सांगितलं. मी चपापलो. पण माझं दुसरं वाक्य, बाहेरूनही होता येतं, हे त्याच्या मनात बसलेलं होतं. आपल्या शिकण्याच्या काळातले नियम आपण आयुष्यभर खरे धरून चालतो आणि पुढच्या पिढीला तेच देतो. घरोघरी मामा, काका, शेजारचे साहेब हेच करत असतात. त्यात वाईट हेतू नसतो, म्हणूनच मुलं त्यावर विश्वास ठेवतात.

केंद्रावरची तीन वाक्यं

डेक्कनच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक अभ्यास केंद्र होतं. परराज्यातल्या एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं बी.टेक., दूरशिक्षणाने, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, वर्ग फक्त रविवारी. तिथल्या माणसाने त्याला तीन वाक्यं सांगितली. नंतर मी ती त्याच्याकडून पुन्हापुन्हा ऐकली, कारण त्यांतलं एकही वाक्य निव्वळ खोटं नव्हतं.

पहिलं: आमचं विद्यापीठ यूजीसीमान्य (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेलं) आहे. ते होतं. पण विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला, आणि तो शिकवण्याच्या प्रत्येक पद्धतीला, मान्यता असते असं नाही.

दुसरं: विद्यापीठाला एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची) परवानगी लागत नाही, सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. निकाल खरा आहे, २००१ चा. विद्यापीठाला स्वतःच्या विभागात तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करायला एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागत नाही असं त्यात म्हटलंय. परराज्यातल्या अभिमत विद्यापीठाने पुण्यात जिन्यावरच्या दोन खोल्यांत इंजिनिअरिंग शिकवावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

तिसरं: दूरशिक्षणाची डिग्री ही रेग्युलर डिग्रीइतकीच वैध असते. बी.ए., बी.कॉम.ला हे लागू पडतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे काम करतंय. आमच्याच कंपनीतले कितीतरी कामगार मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले आणि त्यांच्या पदवीला कुणी हरकत घेतलेली नाही. व्यवस्थापन आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशनसारखे विषयही एआयसीटीई दूरशिक्षणातून चालू देते. इंजिनिअरिंगला मात्र ती देत नाही. पुढे २०२० च्या यूजीसीच्या नियमांत दूरशिक्षणातून न देण्याच्या अभ्यासक्रमांमध्ये वैद्यकीयच्या जोडीला इंजिनिअरिंग स्पष्ट शब्दांत आलं. २०१६ ला आमच्यासारख्यांपर्यंत हे पोहोचलेलं नव्हतं आणि ते सांगायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

त्याने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रवेश घेतला. प्रवेशाचे ५,०००, वर्षाचे ३२,०००, प्रत्येक परीक्षेचे २,५००. त्यासाठी कंपनीच्या पतपेढीतून ४०,००० उचलले. अर्जाला नोकरीचा दाखला लागत होता. त्यावर मी सही केली.

रीडिंग

वर्षभर तो रविवारी जात राहिला. शिकवणारे वाईट नव्हते. त्यांतले एक कुठल्याशा पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले, थर्मोडायनामिक्स मनापासून शिकवायचे, आणि त्यांनी दिलेल्या नोट्स याच्याकडे अजून आहेत. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर ही सगळी मुलं डिग्री विकत घ्यायला गेली होती असा कुणाचा समज व्हायचा. रविवारी सकाळी नऊला जी मुलं बाकावर येऊन बसायची, त्यांतली निम्मी शनिवारची थर्ड शिफ्ट करून यायची.

ऑक्टोबर २०१७ मध्ये, तिसऱ्या परीक्षेच्या आधी, दोन दिवस प्रॅक्टिकलचे होते. वेळापत्रकात 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स लॅब' असं छापलेलं. साठेक मुलं जमली. कुणी चाकणहून, कुणी रांजणगावहून, एक जण कुरकुंभहून. खोलीत बाकं होती, फळा होता, मशीन नव्हतं. एक भरलेलं जर्नल पुढच्या बाकावर आलं आणि तिथून मागे सरकत गेलं. टेन्साइल टेस्ट, म्हणजे नमुना तुटेपर्यंत ताणून बघायची चाचणी. माइल्ड स्टीलचा १२ मिलिमीटरचा नमुना, लोड आणि एक्सटेन्शनची बारा रीडिंगं, आलेख, आणि खाली यंग्ज मॉड्युलस, म्हणजे स्टील ताणाला किती दाद देतं त्याचा आकडा, बरोबर २०० गिगापास्कल. सगळ्यांनी उतरवून घेतलं. संध्याकाळपर्यंत साठही जर्नलांवर सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपताना तो माझ्या टेबलापाशी आला, जर्नल उघडून ठेवलं आणि म्हणाला, "सर, लाइनवर ओळीने पन्नास पीस एकाच मायक्रॉनला आले तर आपण काय करतो?"

मी म्हटलं, "गेज अडकलाय का ते बघतो."

"मग इथे कुणी का नाही बघितलं?"

त्याला तेव्हाच सगळं कळलं होतं असं मला वाटतं. तरी त्याने तिसऱ्या परीक्षेचे २,५०० आदल्या आठवड्यात भरलेले होते आणि ते वाया घालवायला तो तयार नव्हता. एकूण ७६,५०० गेले होते. पैसे जितके जास्त जातात तितकं थांबणं अवघड होतं, हे त्याच्याच नाही, कुणाच्याही बाबतीत खरं आहे.

३ नोव्हेंबर २०१७

तो शुक्रवार होता. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांबद्दल निकाल दिला. सोमवारी कॅन्टीनमध्ये त्याने मला मोबाइलवर बातमी दाखवली. त्याचं जेवणाचं ताट तसंच होतं.

निकाल थोडक्यात असा. चार अभिमत विद्यापीठांनी रीतसर परवानगीशिवाय दूरशिक्षणातून इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या कोर्टाने स्थगित केल्या आणि एआयसीटीईची परीक्षा देऊन त्या टिकवायची संधी दिली. ती परीक्षा पुढे ३ जून २०१८ ला झाली. त्यानंतरच्या सत्रांतल्यांच्या पदव्या रद्द. त्यांना परीक्षेची संधीही नाही. तांत्रिक शिक्षणाचा कणा प्रत्यक्ष प्रयोग हा आहे, हे कोर्टाने निकालात सांगितलं. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं असं, की २०१८-१९ पासून कुठल्याही अभिमत विद्यापीठाला दूरशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम चालवायचा तर त्या-त्या अभ्यासक्रमाची वेगळी परवानगी हवी आणि प्रत्येक अभ्यास केंद्राची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी.

केंद्रावर विचारलं तर उत्तर मिळालं, "त्या चारांत आपलं नाव नाही. तुम्ही परीक्षा द्या." नाव नव्हतं, हेही खरंच होतं.

पुढच्या रविवारी तो चिंचवडला माझ्या घरी आला. पोहे तसेच गार झाले आणि आम्ही प्लास्टिकच्या फोल्डरमधला एकेक कागद टेबलावर मांडत गेलो. माहितीपत्रक, पावत्या, दोन मार्कलिस्ट. पावत्या विद्यापीठाच्या नव्हत्या, एका ट्रस्टच्या नावाने होत्या. मार्कलिस्टवर बी.टेक. होतं, पण शिक्षणाची पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती. या केंद्रात, या पद्धतीने, हा अभ्यासक्रम चालवायला अमुक यंत्रणेने परवानगी दिली आहे असं म्हणणारा एकही कागद त्या फोल्डरमध्ये नव्हता. सव्वा वर्ष आम्ही दोघांनी तो मागितलाही नव्हता.

त्याचं म्हणणं, "आपली कंपनी चालवून घेईल ना, सर?" चालवून घेतलंही असतं. खासगी कंपनी कुणाला कुठली ग्रेड द्यायची ते स्वतः ठरवते. पण दुसऱ्या नोकरीला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होणार, सरकारी भरतीत कागदपत्रांची पडताळणी होणार, एम.टेक.ला जायचं झालं तर पहिली अट हीच येणार. तेव्हा वय पस्तीस असेल. मी हे सगळं बोललो आणि गप्प बसलो, कारण आधीच्या माझ्या एका वाक्याचा परिणाम समोर टेबलावर पडलेला होता. निर्णय त्याने घ्यायचा होता. आठवड्याने तो म्हणाला, "परीक्षेला बसत नाही." पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. पतपेढीचे हप्ते पुढे सव्वा वर्ष चालू राहिले.

घरी त्याने बरेच महिने सांगितलं नाही. वडिलांनी गावात पारावर सांगून ठेवलं होतं की मुलगा इंजिनिअर होतोय. शेवटी दिवाळीला गेल्यावर सांगितलं. वडील म्हणाले, "टोमॅटोत यापेक्षा जास्त गेलेत." हे तो मला सांगत होता तेव्हा त्याचा आवाज ठीक नव्हता.

मधली पाच वर्षं

त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. नोकरी सोडून तीन वर्षं पूर्णवेळ कॉलेज त्याला परवडणारं नव्हतं. त्याने एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) दोन कोर्स परीक्षा देऊन पूर्ण केले, सीएमएमचं (मापं घेणाऱ्या कॉम्प्युटराइज्ड मशीनचं) प्रोग्रामिंग शिकला, लग्न झालं, मुलगी झाली. एनपीटीईएलने डिग्री मिळत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिकायची सवय सुटू नये म्हणून केले, असं तो म्हणाला.

या काळात मला सतत टोचत राहिलेली एक गोष्ट सांगतो. १८५४ पासून ज्या शहरात इंजिनिअरिंग शिकवलं जातंय, जिथे भोसरीपासून तळेगावपर्यंत कारखान्यांची रांग आहे आणि त्या रांगेच्या आजूबाजूला इतकी कॉलेजं, तिथे संध्याकाळी पाचनंतर लॅबला कुलूप लागतं. मशीन आहे, इमारत आहे, शिकवणारे आहेत, आणि पाच किलोमीटरवर शिकायची इच्छा असलेला माणूस शिफ्ट संपवून उभा आहे. त्याला रात्री तीन तास ते दार उघडं मिळालं असतं तर डेक्कनच्या जिन्यावर तो गेलाच नसता. दूरशिक्षणाच्या नावाने ज्यांनी पैसे केले त्यांचा दोष आहेच, पण त्यांना गिऱ्हाईक या बंद दारांनी मिळवून दिलं.

दुसरा प्रवेश

२०२३-२४ पासून एआयसीटीईने नोकरी करणाऱ्यांसाठी डिप्लोमा आणि डिग्रीचे वर्ग मान्यताप्राप्त कॉलेजांतच, लवचिक वेळेत चालवायला परवानगी दिली. यात दूरशिक्षण नाही. लेक्चर कॉलेजात, प्रॅक्टिकल कॉलेजच्या लॅबमध्ये, परीक्षा विद्यापीठाची. फक्त वेळ संध्याकाळची आणि सुट्टीच्या दिवसांची. अटी अशा की उमेदवार नोंदणीकृत कंपनीत नोकरीला हवा, किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव हवा, आणि कामाची जागा कॉलेजपासून ठरावीक अंतरात हवी. सुरुवातीला ती मर्यादा ५० किलोमीटर होती. डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, म्हणजे तीन वर्षं.

आकुर्डीच्या बाजूच्या एका कॉलेजात हे सुरू होतंय असं कळल्यावर आम्ही दोघं गेलो. या वेळी फीचा आकडा विचारायच्या आधी त्याने मान्यतेचं पत्र मागितलं. एआयसीटीई कॉलेजला मान्यता वाढवून देते आणि त्या पत्रात अभ्यासक्रम, जागा, सगळं ओळीने असतं. कारकून बाईंनी कुरकुर न करता झेरॉक्स दिली. तो तिथेच काउंटरला टेकून, ड्रॉइंग वाचतात तसा, वरच्या चौकटीपासून वाचत गेला. शैक्षणिक वर्ष तेच आहे का. आपली शाखा आहे का. तिच्यापुढे नोकरदारांसाठीचा उल्लेख आहे का. संलग्न विद्यापीठ कोणतं. मग त्याने विचारलं, "पावती कुणाच्या नावाने मिळेल, मॅडम?" कॉलेजच्याच, असं त्या म्हणाल्या. बाहेर पडल्यावर एआयसीटीईच्या संकेतस्थळावर त्याच वर्षाच्या यादीत कॉलेज शोधून ताडून पाहिलं. सगळं मिळून पाऊण तास लागला. आधीच्या तीन सेमिस्टरचं काहीही धरलं गेलं नाही, शून्यापासून सुरुवात.

फीपेक्षा शिफ्टचा प्रश्न मोठा होता. आमच्याकडे तीन शिफ्ट फिरत्या असतात. त्याला कायम फर्स्ट शिफ्ट द्यायची म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सेकंड आणि थर्ड जास्त करायची. त्याच्या लाइनवरच्या दोघांनी ते मान्य केलं. त्यांतल्या एकाला रात्रीची शिफ्ट करून दिवसा मोकळं राहायला बरंच वाटलं. पण याचा स्वतःचा रात्रपाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम गेल्याने महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास फटका बसला. फीचा हिशोब सगळे करतात, हा दुसरा हिशोब कुणी करत नाही. तीन वर्षांचे ते दीड लाखाच्या वर जातात. त्याने घरात बसून वहीत हे लिहून काढलं, बायकोला दाखवलं, आणि तिने होकार दिल्यावरच फी भरली. मला वाटतं पहिल्या आणि दुसऱ्या प्रवेशातला सगळ्यांत मोठा फरक तो होता.

दिवस असा: साडेतीनला गेटबाहेर, घरी तासभर झोप, सव्वासहा ते सव्वानऊ लेक्चर, दहाला जेवण, पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचं. शनिवार-रविवार प्रॅक्टिकल.

पहिल्याच सत्रात सॉलिड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला टेन्साइल टेस्ट आली. या वेळी मशीन होतं. त्याने मला दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते मी तसंच लिहितो. नमुना जबड्यात पकडला, लोड चढत गेला, एका जागी काटा थबकून किंचित मागे आला, तो यील्ड पॉइंट, जिथून स्टील कायमचं ताणलं जायला लागतं. मग बराच वेळ काही होत नाही असं वाटलं. मग मधोमध कंबर बारीक होऊ लागली, आणि फटाका फुटल्यासारखा आवाज. एका तुकड्याला वाटी, दुसऱ्याला तिच्यात बसणारा सुळका. "सर, मी दचकलो," तो म्हणाला, "इतकी वर्षं स्टील मोजतोय, ते तुटतं कसं ते बघितलंच नव्हतं." त्याचा यंग्ज मॉड्युलस आला १८७. त्याने सरांना विचारलं, परत करू का? सर म्हणाले, "आलंय ते लिहा, आणि कमी का आलं ते खाली लिहा." त्याने अर्धं पान लिहिलं. गेज लेंग्थ, म्हणजे नमुन्यावरची मोजायची लांबी, मोजताना खूण जिथे पडली होती तिथे चूक होती, हे त्याचं त्यालाच सापडलं. ते जर्नल मी पाहिलं आहे.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, पहिल्या वेळी राहिला. लाप्लास, फूरिये, आणि मध्ये डिप्लोमानंतर अकरा वर्षांचा खंड. डिप्लोमाला गणित होतं, पण ते हातातून गेलेलं होतं. त्याला परत बसवलं कुणी, तर २०१६ साली जो याच्या वर इंजिनिअर म्हणून आला होता, त्यानेच. दीड महिना शिफ्ट सुटली की कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोघं अर्धा तास बसायचे. मागच्या बाजूला भांड्यांचा आवाज, आणि हे कागदावर इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स. दुसऱ्या वेळी पेपर सुटला.

आता मी काय करतो

पूर्वी माझ्याकडे कुणी शिकण्याबद्दल विचारायला आलं तर मी स्वतःची कहाणी सांगायचो. आता सांगत नाही. आधी त्याला विचारतो: शाखा कोणती, पद्धत कोणती, वर्ग कुठे, प्रॅक्टिकल कुठल्या लॅबमध्ये, आणि या वर्षाचं मान्यतेचं पत्र कुठाय. बी.कॉम. किंवा एम.बी.ए. दूरशिक्षणाने करायचं असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही त्या वर्षासाठी शोधून दाखव म्हणतो. इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा घरबसल्या, रविवारपुरता, प्रॅक्टिकल जुळवून देऊ असं कुणी म्हणत असेल तर पुढचं ऐकूनच घेऊ नकोस, असं स्पष्ट सांगतो. काही मुलं नाराज होतात. गेल्या वर्षी एकाने तर मला तोंडावर विचारलं, "सर, तुम्ही स्वतः बाहेरून केलंत आणि आम्हाला नको म्हणता?" त्याला मी या मुलाकडे पाठवलं. दोघं बराच वेळ सरफेस प्लेटपाशी उभे राहून बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

नोकरीच्या दाखल्यावर अजूनही मीच सही करतो. पण आता अर्जासोबत मान्यतेच्या पत्राची प्रत असल्याशिवाय करत नाही.

सध्याची स्थिती

हे लिहितोय तेव्हा तो शेवटच्या वर्षाला आहे. फ्लुइड मेकॅनिक्सचा एक पेपर मागे राहिलाय, तो सुटायला हवा. प्रोजेक्ट त्याने आपल्याच लाइनवरचा घेतलाय: तापलेल्या पीसचं माप गार होण्याआधी घेतलं तर किती फरक पडतो आणि तो भरून कसा काढायचा. कॉलेजचे गाईड दोनदा येऊन लाइन बघून गेले. वडील एकदा गावाहून आले होते तेव्हा तो त्यांना संध्याकाळी कॉलेजात घेऊन गेला, लॅबचं दार उघडं होतं म्हणून आतही नेलं. ते मशीनकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "इथंच मोडतो का लोखंड?"

डिग्री हातात आल्यावर ग्रेड बदलण्याबद्दल एचआरच्या साहेबांनी तोंडी हो म्हटलंय. मी काही महिन्यांत रिटायर होतोय. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे ते लेखी मागितलंय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.